तळे गळते, पण पाणी जाते कुठे?



गेल्या तीन-चार जिल्हा बैठकांत एक गोष्ट पाहतो आहे. कापसाच्या भावाचे बोलून होते, कर्जाचे बोलून होते, चहा येतो आणि मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच विचारतो, ‘नवं तळं खोदलं, पाणी धरत नाही, काय करावं?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी लाज असते, जणू चूक त्याचीच आहे. पोळ्याला तळे काठोकाठ भरले, पाहुण्यारावळ्यांना नेऊन दाखवले, पोरांनी फोटो काढले. दसऱ्याला त्या बाजूला जावे तर तळाचा चिखल भेगाळलेला. कपाशीला बोंडे धरली आहेत, जमिनीत ओल नाही, आणि ज्यासाठी पाऊण एकराचा चौथा हिस्सा गमावला तो खड्डा कोरडा.

उत्तरही ठरलेले असते. कृषी खात्याचा माणूस सांगतो, पन्नी टाका. दुकानदार सांगतो, पन्नी टाका. शेजारी सांगतो, मी टाकली, तुम्हीही टाका. पाचशे मायक्रॉनचा काळा कागद सगळ्या दुखण्यांवर एकच औषध असल्यासारखा विकला जातो आहे. माझे म्हणणे असे की पन्नी ही शेवटची गोष्ट आहे. पहिली गोष्ट म्हणजे, गेलेले पाणी गेले कुठे ते शोधणे. तेवढे शोधले तर निम्म्या तळ्यांना पन्नी लागणार नाही, आणि काही तळी तर गळतात म्हणूनच कामाची आहेत असे ध्यानात येईल.

हे मला सुचले ते शेतात नव्हे, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर. भाचा तिकडे कासारवडवलीला राहतो. दवाखान्याच्या कामासाठी एका मे महिन्यात आठवडाभर त्याच्याकडे मुक्काम पडला. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या पट्टीत आभाळाला टेकलेल्या इमारती. पहाटे सहापासून इमारतीच्या फाटकात टँकर. एकेक दहा हजार लिटरचा. या भागात लोकवस्ती इतकी वाढली आणि पाणी इतके कमी पडले की २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या नव्या बांधकामांना काही काळ लगाम घातला होता. तर त्या फाटकाच्या शेजारीच नव्या इमारतीचा खड्डा खणलेला. गाड्या ठेवायला जमिनीखाली मजले हवेत, म्हणून मुरूम फोडून आपल्या चार विहिरी मावतील एवढा खोल. खड्ड्याच्या डोंगराकडच्या कडेतून पाणी झिरपत होते आणि ते उपसून गटारात सोडायला पंप रात्रंदिवस चालू. एका बाजूने टँकर आत येतो आहे, दुसऱ्या बाजूने पाणी बाहेर चालले आहे. मी भाच्याला म्हटले, ‘अरे, हे काय?’ तो म्हणाला, ‘मामा, त्यांना पाण्याचा फार त्रास आहे.’

त्या पाण्यात काही वाटा खाडीच्या अंगाचा असेलही. पण तिथल्या मुकादमाने हात डोंगराकडे केला. येऊरच्या जंगलात पाऊस पडतो, झाडांच्या मुळांशी मुरतो, मुरमातून आणि दगडाच्या चिरांतून खाली सरकतो आणि जिथे खड्डा भेटेल तिथे डोळे उघडतो. याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) ही तळी बांधून मुंबईने आपली तहान भागवायला सुरुवात केली. दगड तोच. डोंगर येऊरचा असो की आपल्या यवतमाळ-वाशीमचा, काळ्या पाषाणाचाच. वरच्याने मुरवायचे आणि खालच्याने उपसायचे, हा त्याचा कायदा आहे. आपल्या शेतातले गळके तळे हा त्या कायद्यातला वरचा भाग.

आता आपल्या रानात येऊ.

माझे स्वतःचे तळे २०१८ सालचे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. कागदावर त्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावते. एकरी पाच सेंटीमीटर पाणी द्यायचे म्हटले तर दोन लाख लिटर लागते, म्हणजे पाच एकर कपाशीला दोन संरक्षित पाणी असा हिशेब मांडून मी पोकलेन बोलावला होता. पहिल्याच वर्षी पोळ्याला भरलेले तळे दसऱ्याला संपले. चाळीस दिवस. दिवसाला चार बोटे पाणी उतरत होते, म्हणजे रोजचे ५५ हजार लिटर. घोडबंदरच्या भाषेत रोजचे साडेपाच टँकर.

सगळे म्हणाले, उन्हाने आटले. मी बादली लावली. हा प्रयोग कोणीही करावा, पैसा लागत नाही. पाऊस नसलेले चार-पाच दिवस बघावेत. काठाशी उथळ पाण्यात बादली उभी करावी, तळाला दगड टाकून जड करावी, तिचा काठ पाण्याच्या वर राहिला पाहिजे. बाहेर जेवढी पातळी तेवढेच पाणी बादलीत भरावे आणि आत-बाहेर दोन्हीकडे खूण करावी. गुरे आणि कुत्री लांब ठेवावीत. ऊन दोघांनाही सारखेच लागते. बादलीत जेवढे उतरले ते उन्हाचे, बाहेर त्याहून जेवढे जास्त उतरले ते जमिनीचे. माझ्या बादलीत चार दिवसांत एक बोट उतरले आणि तळ्यात सोळा. ऊन निर्दोष सुटले. दुसरी एक खूण आहे: संध्याकाळी आणि पहाटे काठीवर पातळी बघा. रात्रीही दिवसाइतकेच उतरत असेल तर चोर खालीच आहे.

उन्हाळ्यात मात्र हे उलटते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास वाफ होऊन जाते. पन्नी टाकली म्हणून सूर्य काही थांबत नाही. मे महिन्यापर्यंत पाणी राखायचे म्हणून जे कागद अंथरतात ते तळाचे भोक बुजवतात आणि वरचे तोंड उघडेच ठेवतात.

खाली जाते म्हणजे नेमके कुठून जाते, याचाही छडा पातळीच लावते. काठीवर रोजची खूण मांडा. पाणी सारख्या वेगाने थेट तळापर्यंत उतरले तर तळ गळका. एका विशिष्ट उंचीपर्यंत झपाट्याने उतरून तिथेच रेंगाळले, तर गळती त्या उंचीवर, बाजूच्या भिंतीत. बहुधा तिथे मुरमाचा थर उघडा पडलेला असतो किंवा आत येणाऱ्या पाइपाच्या कडेने वाट झालेली असते. एवढी एक गोष्ट सापडली तर दोन ट्रॉल्या चिकणमातीत काम भागते, आणि आपण मात्र अख्ख्या तळ्याला कागद शिवायला निघालेलो असतो.

नवे तळे पहिल्या वर्षी गळणारच, हेही कोणी सांगत नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात खोदलेल्या तळ्यात पहिले पाणी भेगांतच जाते. दोन-तीन पावसाळ्यांत बारीक गाळ बसतो आणि तळ हळूहळू स्वतःच लिंपला जातो. म्हणून तर जुनी गावतळी धरतात. भारी जमीन खोल असेल तर घाई नको. पण जिथे काळी माती हातभर आणि खाली मुरूम, तिथे तीन मीटर खोदणे म्हणजे मडक्याचे बूड आपणच फोडणे आहे. अशा जागी खोली कमी आणि पसारा जास्त हवा. योजनेच्या अंदाजपत्रकात मात्र खोली तीन मीटर लिहिलेली असते आणि बिल त्या मापाने निघते. शेतकऱ्याने म्हटले, मला दोनच मीटर पाहिजे, तर फाइल अडते.

उपाय जुनेच आहेत. तळात ओल असतानाच गावतळ्याचा किंवा नाल्याचा बारीक गाळ वीतभर पसरावा, पाणी मारावे आणि भात लावतात तिथे करतात तशी चिखलणी करावी. बैल नसतील तर ट्रॅक्टर फिरवावा. थर एकदम जाड टाकू नये, चार-चार बोटांचे थर दाबत जावे. आणि मग ते वाळू देऊ नये, वाळले की भेगा आल्याच. खोदायच्या आधी उन्हाळ्यात जागेवर तळ्याइतका खोल लहान खड्डा करून त्यात दोन-तीन वेळा पाणी ओतून बघितले तर पुष्कळसा मनस्ताप वाचतो. हे मी दुसऱ्यांना सांगतो आहे, स्वतः केले नव्हते.

आता मुख्य गोष्ट. मी पन्नीचे पैसे जुळवत होतो. खालच्या धुऱ्याचा शेजारी सकाळी घरी आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, ‘भाऊ, पन्नी नका टाकू. तुमचं तळं आटते तवा माही इहीर भरते.’ मला राग आला. जमीन माझी गेली, खर्च माझा झाला, आणि विहीर त्याची भरणार? पण चार दिवसांनी जाऊन त्याची विहीर पाहिली. दरवर्षी दिवाळीला तळ दाखवणारी विहीर संक्रांतीपर्यंत दोन पुरुष पाणी धरून होती. माझे २२ लाख लिटर कुठे चोरीला गेले नव्हते. ते दोनशे पावलांवर झाकून ठेवलेले होते. ऊन लागत नाही, वाफ होत नाही, पोर पडत नाही.

आम्ही तोंडी करार केला. पन्नी टाकायची नाही, आणि त्याने ऑक्टोबरमध्ये त्याच्या मोटारीवरून माझ्या कपाशीला दोन पाणी द्यायचे, वीज त्याची, पाइप माझा. काही वर्षे हे नीट चालले. २०२३ साली ऑगस्ट कोरडा गेला, तळे अर्धेच भरले, त्याची विहीरही खाली. त्याने एक पाणी दिले आणि हात जोडले. मी भांडलो नाही, पण दुसरे पाणी गेले ते गेलेच. तोंडी कराराची ताकद तेवढीच. तरीही हिशेब मांडला तर पन्नीपेक्षा तो करारच मला स्वस्त पडला आहे, आणि त्याच्या घरी गव्हाचे पीक आले ते वेगळे. आपण दोन शेतकरी एकमेकांशी लेखी बोलायला लाजतो आणि बँकेच्या शंभर कागदांवर न वाचता सह्या करतो. तळेवाला आणि विहीरवाला यांच्यातला एक साधा, एका पानाचा नमुना करार आपल्या संघटनेने तयार करून गावोगाव द्यावा, अशी माझी सूचना आहे. कमी पावसाच्या वर्षी वाटणी कशी, एवढे एक कलम त्यात ठसठशीत असावे.

कोणी म्हणेल, मग गळू द्यावे, काहीच करू नये. तसेही नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीची गोष्ट आठवा. अण्णा हजारेंच्या पुढच्या राजकारणाशी आपले पटो न पटो, १९७५ साली सैन्यातून परतल्यावर त्यांनी गावात जे केले ते बघण्यासारखे आहे. गावात सरकारने बांधलेला पाझर तलाव होता. पाझर तलाव म्हणजे मुळात गळण्यासाठीच बांधलेला. पण तो इतका आणि असा गळत होता की पाणी ठरतच नव्हते आणि खालच्या विहिरींनाही लाभ नव्हता. गावाने श्रमदानाने त्याची दुरुस्ती केली, पाणी थांबायला लागले, आणि खालच्या सात विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहू लागले. तेव्हा मुरणे निराळे आणि वाहून जाणे निराळे. सावकाश तळातून मुरले तर विहिरीला मिळते. भरावाच्या खालून धार लागून नाल्याला गेले तर ते ना तुमचे ना शेजाऱ्याचे. तळ्याच्या खालच्या अंगाला एकदा फेरी मारून या. तिथे जमीन ओली, दलदल, हिरवे गवत दिसत असेल तर गळती भरावातून आहे.

आणि भरावातली गळती हा पाण्याचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरण गळते आहे अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. सरकारच्या मंत्र्याने नंतर खेकड्यांवर ठपका ठेवला. खेकड्यांना नोटीस गेली की नाही ते कळले नाही. शेततळे तेवढे मोठे नसते, पण उतारावर भराव घालून बांधलेल्या तळ्याखाली एखादे घर, गोठा असेल तर गढूळ पाणी झिरपताना दिसताच तळे रिकामे करा. स्वच्छ पाणी झिरपते ते एक वेळ चालेल. गढूळ येते म्हणजे भरावाची माती आतून सुटते आहे.

जिवाची गोष्ट निघाली म्हणून पन्नीबद्दलही बोलतो. मातीच्या तळ्यात पडलेले पोर हात-पाय रोवून वर येते. पन्नीवर शेवाळ धरले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. राज्यात दर उन्हाळ्यात अशा तळ्यांत मुले बुडाल्याच्या बातम्या येतात, पाठोपाठ उडी मारलेल्या बापासह. पन्नी टाकणारच असाल तर चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडा, कुंपण घाला. कागदापेक्षा त्याला खर्च कमी आहे आणि तरीही तोच खर्च सगळ्यात आधी गाळला जातो.

पन्नी कुठे योग्य? जिथे खाली मुरलेले पाणी कोणाच्याच विहिरीला लागत नाही तिथे. किंवा रोपवाटिका, फळबाग, जनावरे यांच्यासाठी थोडेच पण खात्रीचे पाणी हवे तिथे, लहान तळ्याला. आणि कुठे तिची गरजच नाही, त्याचा नमुना आपल्या विदर्भातच आहे. अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात जमीन चोपण, पाणी सहसा खाली सोडत नाही, आणि खालचे पाणी खारे. तिथे मुरवणे म्हणजे गोडे पाणी मिठात ओतणे. तिथे बिनकागदाचे तळे आपोआप धरते आणि तेच पाणी कपाशीला वाचवते. याच्या उलट टोकाला धुळे जिल्ह्यातले शिरपूर. तिथे २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले मुद्दाम रुंद-खोल करून पाणी खाली जाईल असे पाहिले. एकाच राज्यात एकाने पाणी धरायचे, दुसऱ्याने सोडायचे, आणि दोघेही बरोबर. मुंबईत बसून एकच माप काढणाऱ्याला हे कसे दिसावे?

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना २०१६ साली आली. जास्तीत जास्त ५० हजार अनुदान. पुढे २०२२ पासून वैयक्तिक तळ्याची मर्यादा ७५ हजार झाली. आकड्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते मोजणीशी. सरकार खोदलेली तळी मोजते, तळ्यातले पाणी मोजत नाही. काठावर शेतकऱ्याला उभे करून फोटो काढला की काम पूर्ण. खड्डा कुठे, किती खोल, कागद लावायचा की नाही, हे जमीन कसणाऱ्याने ठरवले पाहिजे. अनुदान द्यायचेच तर रक्कम द्या आणि बाजूला व्हा. बियाण्याच्या बाबतीत आपण निवडीचे स्वातंत्र्य मागतो, मातीच्या बाबतीत का मागू नये?

एक कडू गोष्ट आपल्यातल्याही लोकांबद्दल. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात मोठमोठी पन्नीची तळी पावसाने भरतच नाहीत. हिवाळ्यात विहिरी आणि बोअर उपसून ती भरतात. शिवाराच्या पोटात सावलीला असलेले पाणी वर काढून उन्हात मांडायचे, आणि ज्याची मोटार मोठी त्याने आधी. याला जलसंधारण म्हणतात आणि त्याला अनुदान मिळते. फळबागवाला आपलाच भाऊ आहे, त्याच्या बागेवर लाखोंचे कर्ज आहे, त्याची भीती मला कळते. पण खालच्या कोरडवाहू ज्वारीवाल्याच्या विहिरीचे पाणी वर येते आहे हे त्याला कोणीतरी तोंडावर सांगायला हवे, आणि ते आपण सांगितलेले बरे.

पाणी मिळाले म्हणजे सगळे मिळाले, असे मात्र समजू नका. दोन पाणी दिलेल्या कपाशीला चार बोंडे जास्त येतात आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत काढले तसा एक कागद निघाला की त्या बोंडांचा भाव जातो. ती गळती बादली लावून सापडत नाही, तिच्यासाठी रस्त्यावरच बसावे लागते.

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांची तळी गळतात त्यांनी वहीत तीन गोष्टी लिहून आणाव्यात: बादलीत किती उतरले, तळ्यात किती उतरले, आणि उताराच्या बाजूच्या पहिल्या विहिरीचे पाणी त्याच दिवसांत वर गेले की खाली. विहीर दुसऱ्याची असेल तर त्यालाही सोबत घेऊन या.